सोन्याचं घड्याळ मुशीत टाकण्याआधी एकदा उघडून बघा

गलाई_विटा:

मंडळी, नमस्कार.

मी विट्याकडचा, घरात तीन पिढ्या गलाईचा धंदा. खानापूर-आटपाडीच्या वाचकांना गलाई म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: सराफाकडं जमलेली मोड, म्हणजे मोडायला आलेलं जुनं सोनं, आमच्याकडं येते. ती मुशीत (वितळवायच्या भांड्यात) वितळवायची, शुद्ध करायची, टंच म्हणजे शुद्धता काढून सोन्याची लगड परत द्यायची. दुष्काळानं गाव सुटलं आणि आमच्या भागातली माणसं या धंद्यात देशभर पसरली. आज कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, गलाईच्या दुकानातनं आपली बोली ऐकू येते.

या मोडीत कधीमधी सोन्याची मनगटी घड्याळं असतात, आणि सोनं एवढं चढल्यापासून जास्तच येतात. पद्धत ठरलेली आहे. पट्टा कापायचा, मागचं झाकण उचकटायचं, मशीन काढून डब्यात टाकायचं, काच काढायची, केसचं वजन करायचं आणि मुशीत. पाच मिनिटांचं काम. मला त्या पाच मिनिटांबद्दलच लिहायचंय.

सध्या माझ्या टेबलावर असंच आलेलं एक घड्याळ आहे. मालकाला सगळं समजावून, सोन्याच्या भावावर चढ देऊन, रीतसर पावती करून ठेवून घेतलं. तबकडी मुळात पांढरी असावी, आता सायीच्या रंगाची झालीय. बाराच्या खाली शेजारी शेजारी दोन खिडक्या, एकीत वार, दुसरीत महिना. कडेनं १ ते ३१ आकडे आणि त्यांच्यावर फिरणारा टोकाशी लाल असलेला बारीक काटा. उजव्या अंगाला चावी आणि तिच्या वर-खाली स्टॉपवॉचची दोन बटणं. आणि निळ्या आभाळात सोनेरी चंद्र, शेजारी टाचणीच्या टोकाएवढ्या चांदण्या. भिंगातून बघितल्यावर कळलं की एकेक चांदणी वेगळी उमटवलेली आहे. झाकणाच्या आत १८के, ०.७५० आणि बाईच्या चेहऱ्याचा शिक्का. मशीनमधल्या झुलत्या चाकाच्या, म्हणजे बॅलन्सच्या, खाली ढालीत आर हे अक्षर आणि ८८ आकडा. म्हणजे व्हालजू या स्विस मशीन कंपनीचं ८८. स्टॉपवॉच, वार, तारीख, महिना आणि चंद्रकला, सगळं एका चावीच्या मशीनमध्ये.

आता हिशोब बघा. रिकामी केस समजा १२ ग्रॅम भरली. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के, हातात शुद्ध सोनं ९ ग्रॅम. त्या ९ ग्रॅमसाठी हे घड्याळ मोडायचं? अशा मशीनच्या अख्ख्या घड्याळाला जाणता गिऱ्हाईक सोन्याच्या कितीतरी पट देतो. केस वितळली की मागं उरतं ते बिनघराचं मशीन, त्याला पार्ट्सचा भाव.

गलाईतली, सराफीतली आणि घरात आजोबांचं घड्याळ असलेली माणसं हे वाचत असतील म्हणून धागा काढला. ज्यांना या घड्याळांतलं कळतं त्यांनी भर घाला.

---

कृष्णाकाठ:

गलाईदादा, धागा उत्तम. तुमच्या मुद्द्याला जगातला सगळ्यात मोठा पुरावा जोडतो.

पाटेक फिलिप या स्विस कंपनीनं १९४१ मध्ये १५१८ हे मॉडेल काढलं. स्टॉपवॉच आणि पर्पेच्युअल कॅलेंडर (लीप वर्षही कळणारं) एकत्र असलेलं, मालिकेनं बनवलेलं हे पहिलं मनगटी घड्याळ. एकूण २८१ नग झाले असं मानतात. बहुतेक पिवळ्या सोन्यात, काही गुलाबी सोन्यात, आणि फक्त चार स्टीलमध्ये असल्याचं माहीत आहे. त्यातलं स्टीलचं एक २०१६ साली जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. सोन्याच्या कुठल्याही १५१८ ला तोवर एवढी किंमत आली नव्हती. मशीन तेच, फक्त धातू स्वस्त आणि नग कमी.

सोन्याचंच उदाहरण हवं असेल तर रोलेक्स ६०६२. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं, वार-तारीख-महिना आणि चंद्रकला दाखवणारं. व्हिएतनामचा शेवटचा सम्राट बाओ दाई याच्याकडचं ६०६२ २०१७ मध्ये ५० लाख डॉलरच्या वर गेलं. त्यातलं सोनं वेगळं काढून किती भरलं असतं, हे तुम्ही गलाईवाल्यांनीच सांगावं.

मात्र एक फरक पक्का ध्यानात ठेवा, कारण विकणारे इथंच घोळ करतात. वार, तारीख, महिना दिसला म्हणजे पर्पेच्युअल कॅलेंडर नव्हे. तुमच्या टेबलावरचं ट्रिपल कॅलेंडर आहे. ते प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच धरतं, म्हणून वर्षातून पाच वेळा तारीख हातानं पुढं करावी लागते. पर्पेच्युअलला ३० चा महिनाही कळतो, फेब्रुवारी आणि लीप वर्षसुद्धा कळतं. जुन्या घड्याळांत पर्पेच्युअल फार म्हणजे फारच दुर्मीळ. ट्रिपल कॅलेंडर १९४० आणि ५० च्या दशकात बऱ्याच स्विस कंपन्यांनी केली. ओमेगाचं कॉस्मिक १९४७ चं, युनिव्हर्सल जिनिव्हाचं ट्राय-कॉम्पॅक्स १९४४ चं. आपल्याकडच्या जुन्या घरांत सापडलंच तर या दुसऱ्या जातीचं सापडेल.

---

टूलरूम_वाडी:

किर्लोस्करवाडीला टूलरूममध्ये आयुष्य काढलं, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो.

पर्पेच्युअलला लीप वर्ष कळतं कसं? आत एक चकती असते, चार वर्षांत तिचा एक फेरा. कडेला ४८ महिन्यांच्या ४८ जागा. ३१ च्या महिन्याला कड सपाट, ३० च्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल. चारातल्या एका फेब्रुवारीची खाच किंचित कमी खोल, ती २९ ची. एका लांब तरफेचं टोक या कडेवर टेकलेलं असतं. महिनाअखेरीला ते टोक खाचेत जितकं खोल उतरेल, तितके जास्त दात ती तारखेचं चाक पुढं ढकलते. बस, एवढंच. बॅटरी नाही, वायर नाही. १४६१ दिवसांचा हिशोब खाचांच्या खोलीत घातलेला, आणि त्या खोल्यांमधला फरक मिलिमीटरच्या अंशांत. आम्ही वाडीला गेज घासून घासून बसवायचो, त्यामुळं हा फरक हातानं राखायचा म्हणजे काय, हे मला कळतं.

२१०० साल मात्र या चकतीला कळणार नाही. चारानं भाग जातो, पण ते लीप वर्ष नाही. त्या वर्षी १ मार्चला माणसालाच दुरुस्ती करावी लागेल.

---

शनिवारपेठ_सातारा:

मी साताऱ्याहून. आमच्याकडे आजोबांचं सोन्याचं घड्याळ लॉकरमध्ये आहे. भाचीचं लग्न ठरलंय, धाकटा भाऊ म्हणतो मोडून तिला वाट्या आणि मणी करू. मला मन होत नाही, पण नुसत्या मन होत नाही म्हणून त्याला अडवणंही बरोबर वाटत नाही. हा धागा वाचून कालच बँकेत जाऊन आणलं.

दोन बटणं आहेत. चावी दिल्यावर चालतं. वरचं बटण दाबलं की मोठा काटा सुरू होतो, पण पुन्हा तेच दाबून थांबत नाही. खालचं दाबलं की थांबतो आणि खालचंच परत दाबलं की शून्यावर येतो. बिघडलंय का? मागे बाईचं तोंड आणि १८के आहे. आपल्याकडचा हॉलमार्क नाही, त्यामुळे भाऊ म्हणतो सोनं खोटंही असेल. डोळे मिटून हातात घेतलं तर फार हलकं लागतं.

---

आयग्लास_हरभटरोड:

ताई, घड्याळ बिघडलेलं नाही. तुम्ही बटणांचं जे वर्णन केलंत त्यावरून न उघडता सांगतो, आत लँडेरॉन ४८ किंवा त्याच घरातलं मशीन असणार. त्याची रीतच ती: वरचं फक्त सुरू करतं, खालचं थांबवतं आणि शून्यावर आणतं. व्हालजू किंवा व्हीनसच्या दोन बटणांच्या मशीनला वरचंच बटण सुरू आणि बंद करतं, खालचं फक्त शून्यावर आणतं. उघडल्यावर आणखी स्पष्ट दिसतं. व्हालजू ७२, ८८ किंवा व्हीनस १७५ मध्ये किल्ल्याच्या बुरुजासारखी उभ्या खांबांची छोटी चकती असते, तिला कॉलम व्हील म्हणतात. बटण दाबलं की ती एकेक घर सरकते आणि तिच्यावर टेकलेल्या तरफा वर-खाली होतात. करायला वेळखाऊ, पण बटणाचा हाताला लागणारा ठोका फार सुरेख. लँडेरॉनमध्ये खांब नाहीत, कापलेल्या पत्र्याचे कॅम आहेत. स्वस्त, दणकट, दुरुस्तीला सोपं.

सोन्याबद्दल. बाईचा चेहरा म्हणजे स्वित्झर्लंडचा १८ कॅरेटचा जुना सरकारी शिक्का, १९९५ पर्यंत तोच चालायचा. १४ कॅरेटला खारीचं चित्र असतं. आपल्याकडं घड्याळांना हॉलमार्किंगच्या सक्तीतून वगळलेलं आहे, त्यामुळं आपला शिक्का नाही म्हणजे सोनं खोटं असं होत नाही.

हलकं का लागतं, तेही सांगतो आणि भावालाही वाचायला द्या. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमध्ये येणाऱ्या प्रवाशांना आणि सैनिकांना विकायला अशी १८ कॅरेटची स्टॉपवॉच घड्याळं भरपूर झाली. डायलवर बऱ्याचदा नुसतं क्रोनोग्राफ सुईस एवढंच छापलेलं. त्यांची केस बहुधा पोकळ. पातळ सोन्याचा पत्रा आणि आतून आधाराला दुसऱ्या धातूची कडी. शिक्का खरा, कॅरेट खरं, पण वजन नाही. म्हणून मोडून त्यातनं भाचीच्या मंगळसूत्राला पुरेल एवढं सोनं निघेल अशी आशा भावानं धरू नये. आणि तुम्हीही हे पाटेकच्या जातीचं समजू नका. बाजारात याला बेताचीच किंमत आहे. चालू स्थितीत, रंग न दिलेल्या डायलसह असेल तर सोन्यापेक्षा जास्त येऊ शकेल.

एक विनंती. तुमच्या घड्याळात खालचंच बटण थांबवतं, पण व्हालजू-व्हीनसच्या घड्याळात स्टॉपवॉच चालू असताना शून्यावर आणायचं बटण कधी दाबू नका. आणि आतलं तेल वाळलेलं असणार, तेव्हा सर्व्हिसिंग होईपर्यंत रोज चावी देऊ नका.

---

शनिवारपेठ_सातारा:

धन्यवाद दादा. डायलवर तेच शब्द आहेत!! वाचून अंगावर काटा आला. भावाला धागा पाठवलाय.

---

सराफकट्टा:

सगळं वाचलं, आवडलंही. पण दुकानात बसणाऱ्याची बाजू मांडतो.

माणूस सोनं मोडायला येतो तो अडचण असते म्हणून. दवाखाना, फी, पेरणी. त्याला आज संध्याकाळी पैसे लागतात. मी त्याला सांगितलं की बाबा, हे घड्याळ म्हणून विक, तर तो विचारणार, कुणाला? सांगलीत असं घड्याळ घेणारं गिऱ्हाईक मी त्याला कुठं दाखवू? मुंबई-पुण्याच्या संग्राहकांपर्यंत त्याची पोच नाही. मी स्वतः जास्त देऊन घेतलं आणि ते पडून राहिलं तर माझे पैसे अडकले. शिवाय चोरीचा माल निघाला तर पोलीस आधी सराफाच्या दारात येतात, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

---

गलाई_विटा:

सराफभाऊ, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि चोरीच्या मालाची धास्ती आम्हाला तुमच्याहून जास्त. ओळखपत्र आणि पावतीशिवाय नग हातात घ्यायचाच नाही, घड्याळ असो की बांगडी. उलट घड्याळाला एक सोय आहे. केसवर आणि मशीनवर बऱ्याचदा नंबर असतात, ते पावतीवर लिहिता येतात. बांगडीला कुठला नंबर?

गिऱ्हाईक नाही, हे खरं. पण मी तुमच्याकडून संग्राहक व्हायची अपेक्षा करत नाही. माझं मागणं एवढंच आहे: घड्याळात चावीशिवाय आणखी बटणं दिसली, चंद्र दिसला, वार-महिन्याची खिडकी दिसली किंवा दोन-तीन छोट्या तबकड्या दिसल्या, तर त्याच दिवशी वितळवायला पाठवू नका. मोबाईलवर फोटो काढा, डायलचा आणि झाकण उघडून मशीनचा. मालकाला सांगा की याला वेगळी किंमत असू शकते. त्याला घाई असेल तर सोन्याच्या भावावर उचल द्या आणि नग थोडे दिवस तसाच ठेवा. त्यानं सगळं ऐकूनही मोडच म्हटलं, तर मोडा. त्याचा माल, त्याचा अधिकार. पण न सांगता मोडलं तर त्याचं नुकसान आपल्या हातनं झालं, असं मी मानतो.

आणि टंच काढताना केस कसोटीवर घासू नका. घासलेली कड दिसते आणि भाव पडतो. टंच तपासायच्या यंत्रावर बघा, पण जाड मुलाम्याला तेही फसतं, कारण ते वरचाच थर वाचतं. पक्कं करायचं तर घड्याळाचं मशीन बाहेर काढून रिकाम्या केसचे आतले शिक्के बघा.

---

पंचांगी:

चंद्राचा विषय निघालाय म्हणून.

बहुतेक जुन्या चंद्रकलेच्या घड्याळांत ५९ दातांची चकती असते आणि तिच्यावर दोन चंद्र रंगवलेले असतात. दिवसाला एक दात. म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. खरा चांद्रमास सरासरी २९.५३०५९ दिवसांचा. दर महिन्याला साधारण पाऊण तासाचा फरक पडतो आणि सुमारे २ वर्षं साडेसात महिन्यांत तो एक दिवसाचा होतो.

आता पंचांग काढा. अधिक महिना सरासरी किती दिवसांनी येतो? साडेबत्तीस महिन्यांनी. दोन्हींचं कारण वेगळं आहे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण मुदत जवळजवळ सारखी. म्हणून आपल्यासाठी नियम सोपा: अधिक महिना आला की घड्याळातला चंद्र एक दिवस दुरुस्त करायचा. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ.

घड्याळाचा चंद्र खऱ्याच्या पुढं गेलेला असतो आणि तो मागं आणता येत नाही. तेव्हा घड्याळ एक दिवस बंद ठेवायचं, मग वार आणि तारीख तेवढी पुढं करायची. चंद्राचं बटण वेगळं असेल तरच हे जमतं. पहिल्यांदा लावताना कालनिर्णयात मागची पौर्णिमा बघा, चंद्र खिडकीच्या बरोबर मधोमध आणा आणि पौर्णिमेनंतर जितके दिवस झाले तितक्या वेळा बटण दाबा.

---

आयग्लास_हरभटरोड:

पंचांगी काका, हा नियम मी दुकानात लिहून लावणार!

फक्त एक जोड. ही बटणं दाबण्याआधी काटे फिरवून सकाळचे सहा करा. रात्री नऊच्या सुमारापासून पहाटे तीनपर्यंत कॅलेंडरचे दात एकमेकांत गुंतलेले असतात. तेव्हा जोर केला तर दात मोडतो, आणि तो दात आज कुठल्याही कारखान्यात मिळत नाही.

---

नवखा_मिरजकर:

मला ऑनलाइन एक सोन्याचं ट्रिपल कॅलेंडर मिळतंय, मूनफेज, डायल अगदी नव्यासारखं चकचकीत. घेऊ का? फोटो व्यनि (खाजगी निरोप) करतो.

---

कृष्णाकाठ:

फोटो बघितले. घेऊ नका.

डायल सत्तर वर्षांचं आहे म्हणतात आणि एक डाग नाही. अक्षरांच्या कडा जाड, मिनिटांच्या रेघा एकसारख्या नाहीत, एका ठिकाणी रेघ खिडकीत घुसलीय. रंगवलेलं डायल आहे. केसच्या पट्टा अडकवायच्या शिंगांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्यात आणि मागचा शिक्का अर्धा पुसलाय, म्हणजे पॉलिशवाल्यानं पुन्हा पुन्हा सोनं उडवलंय. मशीनचा फोटो विक्रेत्यानं दिलेलाच नाही. जिथं मशीनचा फोटो नाही तिथं पैसे नाहीत. शिक्का टोकदार, कडा धारदार, डायल थोडं पिवळं आणि अस्पर्श असेल तर ते घड्याळ ओरखड्यांसकट घ्या.

---

आयग्लास_हरभटरोड:

गलाईवाल्या मंडळींसाठी एक गंभीर गोष्ट, वर राहून गेली.

जुन्या डायलवर, काट्यांवर हिरवट-तपकिरी फुगीर थर असेल तर तो बहुधा रेडियमचा असतो. तो आता अंधारात चमकत नाही, म्हणून लोक समजतात की संपला. चमकणारं रसायन जळून गेलेलं असतं, रेडियम तसंच असतं. त्याचं अर्धआयुष्य १,६०० वर्षांचं. १९६० च्या दशकात स्विसांनी ते सोडलं, त्याआधीची घड्याळं संशयित धरा. असं डायल आणि काटे मुशीत, भट्टीत जाऊ देऊ नका, थर खरवडू नका, त्याची पूड फुंकू नका. झाकण लावून वेगळ्या डबीत ठेवा. भट्टीजवळ दिवसभर पोरं काम करतात, त्यांच्या छातीचा प्रश्न आहे.

आणि पूर. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, बाजारपेठ बुडाली. त्यानंतर माझ्याकडं तिजोरीतली घड्याळं आली ती पाणी उतरून बरेच दिवस झाल्यावर, तांदळाच्या डब्यात ठेवलेली. सोन्याला काही झालं नव्हतं. आत स्टॉपवॉचच्या पोलादी तरफा गंजून एकमेकींना चिकटलेल्या. पाणी शिरलं की चावी देऊ नका, त्याच दिवशी उघडून घ्या. नदीकाठच्यांनी पावसाळ्याआधी घड्याळं वरच्या मजल्यावर हलवावीत.

---

टूलरूम_वाडी:

आयग्लास, व्हालजू ७२ च्या एका तरफेचं टोक झिजलंय, माझ्या पुतण्याच्या घड्याळात. नवीन करून बघतो, पण नमुन्याला चांगला भाग हवा.

---

गलाई_विटा:

काका, म्हणूनच शेवटी हे लिहितो. आमच्या दुकानातला मशीनचा डबा मी ओतून काढला. वर्षानुवर्षं केस मुशीत गेलेल्या घड्याळांची ही मशीन आहेत. भिंगाखाली धरून बॅलन्सखालचे आकडे वाचले. लँडेरॉन ४८ आणि ५१ सगळ्यात जास्त, व्हीनस १७० आणि १७५, व्हालजू २३, आणि व्हालजू ७२ सुद्धा आहे, एक काटा मोडलेला पण तरफा पूर्ण. ७२ तुमच्या पुतण्याच्या घड्याळासाठी बाजूला काढून ठेवलंय, दसऱ्याला विट्याला येतोय तेव्हा वाडीला पोचवतो.

बाकीची मशीन पार्ट्ससाठी ज्यांना हवीत त्यांनी कॅलिबर (मशीनचा मॉडेल) नंबर आणि कुठला भाग लागतो ते लिहून व्यनि करा. दुरुस्ती करणाऱ्यांना आधी, पैसे नकोत.

---

शनिवारपेठ_सातारा:

भावाचा फोन आला होता. घड्याळ मोडायचं नाही ठरलं, वाट्या-मण्यांचं सोनं वेगळं घेणार. आयग्लास दादा, रविवारी दुकान उघडं असतं का? सर्व्हिसिंगला आम्ही दोघं येतोय.

---

आयग्लास_हरभटरोड:

रविवारी बंद असतं ताई, सोमवारी अकरानंतर या. येताना जुना पट्टा फेकू नका, त्याचं बक्कलही सोन्याचं असू शकतं.